डिझाइन न शिकलेल्या प्रोग्रामरने वेबसाइट स्वतः मांडावी का?

कळमना_कोडर:
माझं मत आधीच सांगतो. लहान धंद्याची वेबसाइट करणाऱ्या प्रोग्रामरने "मला डिझाइन जमत नाही" हे म्हणणं सोडावं. त्यातलं बरंचसं मोजता येतं, आणि मोजणं तर आपलं रोजचं काम आहे.

माझे मामा संत्र्याचे अडते. आवकेची नोंद आणि भाव दाखवणारी वेबसाइट मी त्यांना करून दिली. घरी कूलरसमोर लॅपटॉपवर छान दिसायची. मार्चअखेरीस नागपूरच्या कळमना बाजाराच्या यार्डात भर दुपारी मामांनी मोबाइल काढला. आधी तळहाताची सावली धरली, मग डोक्यावरचा दुपट्टा स्क्रीनवर ओढला. म्हणाले, "काही दिसूनच नाही राहिलं रे."

पांढऱ्यावर करडी अक्षरं, रंगाचा कोड ९९९९९९. घरी येऊन मोजलं तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडातला फरक, २.८५ ला १. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेली नियमावली, तिच्याप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो. रंग ५९५९५९ केला, ७ ला १ झाला. पाच मिनिटांचं काम, पण मामांना भाव दिसायला लागला. बटणांचंही तसंच: बोटाने नीट दाबता यावं म्हणून अॅपल किमान ४४ पॉइंट आकार सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं). हे पाळायला कोणती पदवी लागते?

रेषा_आणि_रंग:
दादा, मी धरमपेठेत डिझाइनचंच काम करते, आणि मला हे पटत नाही. कॉन्ट्रास्ट मोजलात, उत्तम केलंत. पण प्रोग्रामरने केलेले फॉर्म माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा रकान्यांचा क्रम पाहूनच कळतं की डेटाबेसचं टेबल जसंच्या तसं स्क्रीनवर उतरवलंय. एका फॉर्ममध्ये पहिलाच रकाना होता "खातेदार क्रमांक". का, तर ती प्रायमरी की, म्हणजे डेटाबेस ज्यावरून प्रत्येक नोंद ओळखतो तो रकाना. शेतकऱ्याला स्वतःचं नाव माहीत असतं, गाव माहीत असतं. क्रमांक कुठून आणणार? त्या फॉर्मचे रंग, अक्षरं, बटणं, सगळी मापं बरोबर होती. तरी माणूस पहिल्याच ओळीत अडकत होता.

बॅकएंडचा_माणूस:
एवढा खल कशाला? बूटस्ट्रॅप, म्हणजे वेबसाइटच्या मांडणीचा तयार साचा, २०११ पासून आहे. ते लावा, मोकळे व्हा. पंधरा हजारांच्या कामात डिझायनर कुठून आणायचा?

रेषा_आणि_रंग:
भाऊ, बजेटचं खरं आहे. पण तयार साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेले असतात. त्यातल्या एखाद्या थीममध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, असलं की देवनागरीची शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतरही जास्त लागतं. बूटस्ट्रॅपचं अक्षराच्या आकाराच्या १.५ पट अंतर मला मराठी परिच्छेदाला कमी पडतं, मी १.७ च्या आसपास ठेवते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात, निदान तेवढं तरी लावा.

कळमना_कोडर:
ताई, क्रमाचं तुमचं बरोबर निघालं. माझ्या फॉर्ममध्ये पहिला रकाना "लॉट क्रमांक" होता आणि कारणही तेच.

तरी मुद्दा सोडत नाही. काल मामांच्या मुनीमजींशेजारी तासभर बसलो, तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी "जतन करा" दाबलं, स्क्रीनवर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. एकाच मालाच्या दोन नोंदी! महिनाभर मी त्यांनाच दोष देत होतो, याचं वाईट वाटलं. चालू काय आहे ते वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे, हा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा तत्त्वांतला पहिलाच मुद्दा. आता बटण दाबताच बंद होतं आणि "नोंद झाली" अशी ओळ येते. हे कळायला डिझायनर नाही, यार्डातली एक खुर्ची लागली.

बॅकएंडचा_माणूस:
दुबार नोंद सर्व्हरवरही अडवा. नेट गेलं की बटणावर भरवसा नाही.

रेषा_आणि_रंग:
शेजारी बसलात, तेच डिझाइन, दादा. पण एक विचारते. मुनीमजी मोबाइलवर नोंद करायच्या आधी कुठे लिहितात?

कळमना_कोडर:
वहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. आधी तिच्यात, मग मोबाइलवर.

रेषा_आणि_रंग:
मग एकच काम ते दोनदा करताहेत. हे तुम्हाला खटकलं नाही, कारण तुम्ही तुमची स्क्रीन पाहत होता. त्या वहीत रकाने कोणत्या क्रमाने आहेत?

कळमना_कोडर:
आत्ताच मामांकडून पानाचा फोटो मागवला. नाव, गाव, गाडी, वजन, भाव. लॉट क्रमांक शेवटी, समासात, पेन्सिलीने. आज रात्री फॉर्म त्याच क्रमाने लावतो. लॉट क्रमांक मशीनच देईल, मुनीमजींना विचारायचाच नाही. वही सुटते का ते शनिवारी यार्डात बसून पाहतो. ताई, जमलं तर तुम्हीही या, हर्रास सुरू व्हायच्या आधी.