मदत हवी आहे: घरात सगळं छान असताना मलाच का धडधडतं?

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी ३४ वर्षांची, माहेर इचलकरंजी, आता पुण्यात, नवरा आणि पाच वर्षांची लेक. पप्पा मागावर कामाला होते, आई घरी कांड्या भरायची. पप्पा प्यायचे. रोज नाही, पण पगार झाला की हमखास, आणि दिवाळीचा बोनस मिळाला की विचारूच नका. बाकीची पोरं दिवाळीची वाट बघायची आणि आम्हा दोघा भावंडांच्या पोटात गोळा यायचा. दाराची कडी कशी वाजली त्यावरून कळायचं आज कसे आलेत. मग टीव्ही बंद, मी भावाची पुस्तकं उचलणार, आई ताट वाढायला घेणार, कुणी कुणाशी बोलायचं नाही. एका वर्षी आम्ही मातीचा पन्हाळा केला होता, हळीव पण मस्त उगवले होते, तो त्यांनी रात्री लाथेने मोडला आणि सकाळी त्यांना आठवतही नव्हतं. त्यानंतर आम्ही किल्ला कधी केलाच नाही.

आता माझ्या घरात असलं काहीच नाही. तरी खाली पार्किंगमध्ये नवऱ्याची गाडी वाजली की मी उठून ओटा पुसायला लागते आणि लेकीला म्हणते पसारा आवर, बाबा आला. तो येऊन त्याच पसाऱ्यात तिच्याशेजारी बसतो! मागच्या रविवारी दोघं पत्ते खेळताना जोरजोरात हसत होते आणि मी आतून ओरडले, हळू!! लेक एकदम गप्प झाली, खाली बघत पत्ते गोळा करायला लागली. ते बघून मला इतकं भरून आलं, कारण अशी मीच गप्प व्हायचे. तेव्हापासून नीट झोप नाही.

त्यात पप्पांची दारू सुटून सहा वर्षं झालीत. नातीचे भयंकर लाड करतात. माणूस बदललाय, हे मी नाकारत नाही, पण त्यांनी तिला मांडीवर घेतलं की बरंही वाटतं आणि आतून संतापही येतो, की हे मला का नाही मिळालं. आईजवळ बोलले तर ती म्हणते झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरतेस. भाऊ यंदा चार दिवस दिवाळीला या म्हणून मागे लागलाय आणि लेकीला किल्ला करायचाय. नवऱ्याला यातलं अर्धंच माहितीये. ज्यांचं लहानपण असं गेलंय त्यांनी प्लीज सांगा, घरात नुसतं निवांत बसायला तुम्ही कसं शिकलात?

प्रतिसाद १
ताई, माझ्या घरी हेच होतं, फक्त कडीच्या जागी स्कूटरचं स्टँड. लहानपणी ज्याने तुम्हाला वाचवलं तेच शरीर अजून करतंय, कारण आता धोका नाही हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जायला लागलो. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतात त्या, फी नाही, आणि पिणाऱ्याची दारू सुटलेली असली तरी आपण जाऊ शकतो. पहिल्या तीन वेळा मी एक अक्षर बोललो नाही, नुसतं ऐकलं. पुण्यात तर मुक्तांगण आहे, १९८६ पासून व्यसनाचंच काम करतात, घरच्यांशीही बोलतात, एकदा फोन करून विचारा. आणि नवऱ्याला पूर्ण सांगा. मी बायकोला सांगितल्यावर ती गेटमधूनच हाक मारत यायला लागली, एवढ्याने केवढा फरक पडला.

प्रतिसाद २
झोप लागत नाहीये ते अंगावर काढू नका. टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुढे जवळचा समुपदेशक बघा, पहिला पटला नाही तर दुसरा बघायचा, त्यात काही चुकीचं नाही.

प्रतिसाद ३
मी तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून अगं-तुगं करते. आई उकरू नको म्हणते कारण तिलाही ते सोसवत नसणार, मी सुद्धा माझ्या मुलांना हेच म्हणत आले आणि आज वाटतं एकदा ऐकून घ्यायला हवं होतं. माफ केलंच पाहिजे असं काही नाही गं, ते नातीवर माया करतात ती करू देत, तुझा राग तुझ्याजवळ राहू दे. चार दिवस कशाला, भाऊबीजेला जा आणि दुसऱ्या दिवशी परत ये. आणि लेकीला आजच जवळ घेऊन सांग, मी ओरडले ते चुकलं, तुझं हसणं चुकलं नव्हतं. आईबापांनी हे म्हटलेलं मुलं विसरत नाहीत.

धागाकर्ती
काकू, तुमचा प्रतिसाद वाचून खूप रडले. लेकीला सांगितलं. ती म्हणाली मग आता मोठ्याने हसू? काल रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, किल्ल्याचं पण, दोन वाजले. तो काही सल्ले देत बसला नाही, सकाळी उठून नर्सरीतून लाल मातीची दोन पोती घेऊन आला. भावाला फक्त भाऊबीजेचं कळवलंय, जरा नाराज आहे. शनिवारी मीटिंगला जाऊन बघणार आहे, भीती वाटतेय.

आणि एक विचारायचं राहिलं, हळीव किती दिवस आधी पेरायचे म्हणजे वसुबारसेला हिरवं दिसेल? मी विसरलेय.

प्रतिसाद ४
पाचेक दिवस आधी. रात्री भिजवा आणि पाणी नुसतं शिंपडा, ओतलं की माती खाली येते.