भाऊ गर्द (ब्राउन शुगर) ओढतोय का, कसं ओळखू?

नाशिकची_ताई:
धाकटा भाऊ चोवीसचा आहे, कुरिअरच्या कामावर जातो. हल्ली बाथरूममध्ये कडी लावून बराच वेळ बसतो. काल त्याच्या पॅंटच्या खिशात सिगारेटच्या पाकिटातली चांदी सापडली, तिच्यावर तपकिरी-काळे ओघळ होते. सकाळी नाक-डोळे गळतात, जांभयांवर जांभया येतात. बाहेर चक्कर मारून आला की एकदम ठणठणीत. आई म्हणते सर्दी आहे. दारूचा वास तर कधीच येत नाही.

पुन्हा_माणसांत:
ताई, मी स्वतः गर्दमधून बाहेर आलोय, म्हणून स्पष्ट लिहितो. पूड चांदीवर ठेवून खालून लायटर धरतात आणि नळीने धूर ओढतात. वितळलेला थेंब चांदीवरून सरकत जातो, ते ओघळ त्याचेच असणार. सकाळचं नाक गळणं म्हणजे टर्की, नशा न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास. शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत ती सुरू होते. मग अंगावर काटा, पोटऱ्यांत कळा, जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या बघा. टर्कीत त्या मोठ्या होतात आणि बाहेरून आल्यावर अंधुक उजेडातही टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. सर्दीत असं होत नाही.

नाशिकची_ताई:
मामा म्हणतात, आठवडाभर खोलीत कोंडा, उतरेल.

पुन्हा_माणसांत:
कोंडू नका, हात जोडतो. टर्की साधारण आठवड्यात उतरते, ओढ उतरत नाही. आणि तेवढ्या दिवसांत शरीराची सवय मोडते. सुटल्यावर मुलगा जुन्याच मापाने ओढतो आणि श्वास बंद पडतो. आमच्यातली मुलं अशीच गेली, घरच्यांना वाटत होतं तो सुधारलाय.

उपचारानंतरचं खरं सांगतो. माझा पगार बहिणीच्या खात्यात जातो, माझ्या हातात बसभाड्यापुरते पैसे असतात. यात मला कमीपणा वाटत नाही. फोन नंबर बदलला. संध्याकाळ सगळ्यात जड जाते, तेव्हा नार्कोटिक्स ॲनॉनिमस या व्यसन सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जाऊन बसतो. घरचे भांडणाच्या दिवशी घाबरतात, पण माझ्या ओळखीचे कितीतरी जण आनंदात घसरले. एकाच्या चुलतभावाची हळद होती, कुणीतरी म्हणालं, "गर्द कुठे, बिअरच तर आहे," आणि रात्री तो जुन्या अड्ड्यावर. तुमच्याकडे लग्न असेल तर त्याच्यासोबत एक माणूस ठेवा आणि जेवण झालं की घरी आणा.

समुपदेशक_पुणे:
वरचं सगळं बरोबर आहे. भर एवढीच, की पोलिसांच्या भीतीने थांबू नका. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, तिथे विचारा. दुसरीकडे कुठे नेलंत तर आधी बघा: डॉक्टर आहे का, घरच्यांना भेटू देतात का. मारहाणीने व्यसन सोडवतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

नाशिकची_ताई:
उद्या आईला घेऊन फोन करते. त्याच्याशी कधी बोलू?

पुन्हा_माणसांत:
नशेत असताना नको. मामांसमोरही नको. जेवून शांत बसला असेल तेव्हा एकट्याने बोला. चांदी दाखवा, ओरडू नका. आधी नाही म्हणेल. तरी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा.