मदत हवी आहे: सात महिन्यांची पॉइंटर कुत्री पक्ष्याचा वास आला की मागे फिरते

नमस्कार. मी मिनेसोटात राहतो. माझ्याकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीची सात महिन्यांची कुत्री आहे, तिचे नाव भिंगरी. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत पक्षी म्हटला की तिला आवरणे कठीण होत असे. आता मात्र गवतात दडवलेल्या कबुतराचा वास लागला की ती नाक वर करते, क्षणभर थबकते, मग मान फिरवून माझ्या गुडघ्यामागे येऊन उभी राहते. चूक माझ्या हातून झाली आहे. ती कशी निस्तरावी, हे जाणकारांना विचारण्यासाठी हा धागा काढला आहे.

आधी एक खुलासा केलेला बरा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातल्या तित्तरांची किंवा लाव्यांची शिकार करता येत नाही आणि ते योग्यच आहे. इथे फेझंट आणि रफ्ड ग्राउस या कोंबडीसारख्या रानपक्ष्यांच्या शिकारीला ठरलेला हंगाम असतो, परवाना लागतो, रोज किती पक्षी घ्यायचे यावर मर्यादा असते आणि मारलेला पक्षी आम्ही खातो. चांगले शिकवलेले कुत्रे सोबत असले की जखमी पक्षी गवतात तडफडत राहून वाया जात नाही. माझ्या दृष्टीने कुत्रे शिकवण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

माझ्या आजोबांकडे कारवान कुत्रा असे. सशाला नजरेने हेरायचे आणि पळून गाठायचे, हे त्याचे काम. त्यांच्या गोष्टी ऐकून शिकारी कुत्रा म्हणजे धावणारा कुत्रा, सावज दाखवले की उरलेले त्याचे तो शिकतो, अशी माझी समजूत झाली होती. पॉइंटरचे काम नेमके उलट आहे. त्याने वाऱ्यावरचा वास घेत शेत पिंजून काढायचे, पक्षी सापडला की जागच्या जागी थिजायचे आणि माणूस पोहोचेपर्यंत तो उडू द्यायचा नाही. हे थिजणे रक्तातच असते, परंतु पक्ष्याविषयीची ओढ आणि धीटपणा पिलाच्या अनुभवातून येतो. ही गोष्ट मला उशिरा कळली.

आतापर्यंतचा क्रम असा. नऊ आठवड्यांची असताना काठीला दोरी आणि दोरीला लाव्याचा पंख बांधून तिला तीन-चार वेळा खेळवले. तेवढ्यावरच थांबलो, कारण तो खेळ लांबला तर पिल्लू वासाऐवजी डोळ्यांनी पक्षी शोधू लागते. चौथ्या महिन्यात पाळीव बॉबव्हाइट लावा अंगणातल्या गवतात ठेवला. त्या दिवशी ती कुंपणाच्या कडेने दुडदुडत येत होती आणि मध्येच, कोणी दोरी ओढून धरावी तशी थांबली. पुढचा उजवा पाय अधांतरी, शेपटी ताठ, नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. कोणी न शिकवता! त्यानंतर दोन महिने मी मोकळ्या शेतात होमिंग कबुतरे वापरली. ती उडाली की भिंगरी मनसोक्त पाठलाग करी आणि कबुतरे आपापल्या खुराड्यात परत जात.

मग मी लॉन्चर आणला. लॉन्चर म्हणजे स्प्रिंगवर मिटणारा जाळीचा पिंजरा. त्यात कबुतर ठेवून तो गवतात लपवायचा आणि कुत्र्याला वास लागला की दूरच्या बटणाने उघडायचा, म्हणजे पक्षी वर फेकला जातो. कुत्रे नेहमी वाऱ्याला आडवे आणायचे असते, जेणेकरून त्याला दहा-पंधरा पावलांवरूनच वास यावा. त्या संध्याकाळी वारा पडला होता आणि ते माझ्या लक्षात आले नाही. भिंगरी मोकळी होती, तिला लांब दोरीही लावलेली नव्हती. ती पिंजऱ्यापासून दोन हातांवर पोहोचली, तेव्हा कुठे तिला पक्षी जाणवला. ती त्यावर झेप घेईल या भीतीने मी बटण दाबले. लोखंडी खटका आणि पंखांचा फडफडाट एकदमच तिच्या तोंडासमोर झाला. शेपटी पायांत घालून ती थेट गाडीपाशी पळाली आणि गाडीखाली शिरली. दहा दिवसांनी त्याच शेतात पुन्हा नेले, तेव्हापासून सुरुवातीला सांगितलेला प्रकार सुरू झाला. मी लॉन्चर बंद केला आहे. बंदुकीचा आवाज मी अद्याप तिला एकदाही ऐकवलेला नाही.

एक जण म्हणतो, महिनाभर पक्षी दाखवूच नका, ती विसरेल. दुसरा म्हणतो, पंख बांधलेले कबुतर तिच्यापुढे सोडा, तिला ते पकडू द्या. तिसऱ्याचे म्हणणे, धीट कुत्र्याच्या सोबतीने न्या. यांतले काय खरे? ऑक्टोबरात फेझंटचा हंगाम सुरू होतो, तो हंगाम सोडून द्यावा का? नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन या शिकारी कुत्र्यांच्या संस्थेच्या नैसर्गिक क्षमता चाचणीला १६ महिने ही वयोमर्यादा आहे, म्हणजे पुढचा वसंत ऋतू हाताशी आहे. तरी चाचणीपेक्षा मला तिची अंगणातली ती पहिली ओढ परत हवी आहे.

प्रतिसाद:

तुम्ही सगळे तपशीलवार लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. ती भ्यायली कशाला, पक्ष्याला की यंत्राला, हे सर्वांत आधी शोधा. लॉन्चर नको, ते शेतही नको, कारण कुत्र्याला जागा लक्षात राहते. अंगणात किंवा अगदी नव्या माळावर कबुतराचे डोके पंखाखाली दाबून त्याला हलकेच गोल फिरवा. ते काही वेळ गुंगून पडते, तसे ते आखूड गवतात ठेवा आणि काहीही न बोलता तिला मोकळे सोडा. ती तुमच्या गुडघ्याशी आली तर रागावू नका आणि कुरवाळूही नका. कुरवाळलेत तर मागे फिरणे बरोबर आहे असे ती समजेल. तुम्ही आपले चालत राहा.

ती पक्ष्याजवळ गेली तर भीती यंत्राची आहे आणि तुमचे नशीब चांगले. पुढचे पंधरा दिवस हातातून सोडलेली कबुतरे चाळीस-पन्नास पावलांवर उडवा आणि तिला हवे तेवढे पळू द्या. तिला 'थांब' हा शब्द आत्ता ऐकवूच नका. धीट कुत्र्याची सोबत उपयोगी पडते, मात्र ते कुत्रे पक्षी हिसकावणारे नसावे. हंगाम सोडू नका, फक्त बंदूक घरी ठेवा. रानातला फेझंट बहुधा आधी पायी पळतो आणि अंतर राखून उडतो, तो तिच्या नाकासमोर अचानक उडण्याची शक्यता कमी. जखमी नर फेझंट मात्र तिच्यापुढे टाकू नका, त्याच्या पायातला काटा लागला तर नवी भीती बसेल. बंदुकीची ओळख ती बेभान होऊन पाठलाग करू लागल्यावरच करून द्या, तीही दुसऱ्या माणसाकडून, शंभर पावलांवरून, कोऱ्या, म्हणजे छर्रे नसलेल्या काडतुसाने.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. आज सकाळी तुम्ही सांगितले तसेच केले. ती आधी कुंपणाशी थांबली आणि वळून माझ्याकडे पाहू लागली. मी चालत राहिलो. मग कान पुढे करून ती गवतात गेली, कबुतरापासून चार पावलांवर तिचा पाय उचलला गेला आणि ती तशीच उभी राहिली, मी मनात वीस मोजेपर्यंत. कबुतर सावध होऊन उडाले तशी ती कुंपणापर्यंत धावली आणि भुंकली. म्हणजे भीती लॉन्चरचीच. आता एकच विचारतो: शेजाऱ्यांची नऊ वर्षांची ब्रिटनी जातीची कुत्री शांत आहे, पक्षी हिसकावत नाही, पण तिला ऐकू कमी येते. रविवारी दोघींना एकत्र नेले तर चालेल का?