ट्रेलरसाठी ब्रेक कंट्रोलर कोणता घ्यावा? (फोररनर, 20 फुटी कॅम्पर, टाहोचा घाट)

फॉल्समकर_प्रसाद:

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतो. गाडी टोयोटा फोररनर, 2021 ची. नुकताच एक वापरलेला 20 फुटी कॅम्पर ट्रेलर घेतला. एकाच ॲक्सलचा आहे, प्लेटवर कमाल वजन 4,400 पौंड लिहिलंय. सप्टेंबरात आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. त्यांना घेऊन आधी टाहो आणि जमलं तर योसेमिटी करायचं मनात आहे. बाबांचे गुडघे दुखतात, तंबूत खाली झोपणं त्यांना शक्य नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. गाडीला मागे सात पिनांचं सॉकेट कंपनीचंच आहे, पण कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा डबा, नाही. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणाले, "टाइम डिलेवाला स्वस्तात बसवून देतो, सगळे तोच वापरतात." इतक्या घाईने गळ्यात मारायला लागले की मी घरी येऊन वाचायला बसलो. आता तीन नावांवर येऊन अडकलोय: टेकोन्शा प्रॉडिजी पी-3, रेडार्क टो-प्रो एलिट आणि कर्ट इको. इकोला वायरिंगच नाही, मागच्या सॉकेटमध्ये खोचला आणि फोनशी जोडला की झालं, त्यामुळे बायकोचं मत तिकडे. मला घाटात उतरताना काय होईल याची जास्त काळजी वाटते. मागे ट्रेलर आणि गाडीत आई-बाबा, अशी मी आजवर कधी गाडी चालवलेली नाही. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

बे_एरिया_भटक्या:

पी-3 डोळे झाकून घ्या. ट्रेलरला किती व्होल्ट जाताहेत ते पडद्यावर दिसतं, ट्रेलर नीट जोडला गेला नसेल किंवा वायर शॉर्ट असेल तर तेही तोच सांगतो. बूस्ट, म्हणजे ब्रेक लावताच ट्रेलरला सुरुवातीलाच मिळणारा जास्तीचा जोर, कमी-जास्त करता येतो. तुमचा ट्रेलर जवळपास गाडीच्याच वजनाचा आहे, तेव्हा बूस्ट बंद ठेवा नाहीतर बी-1, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, पुरे. आणि कंट्रोलर हवाच. कॅलिफोर्नियात कॅम्पर 1,500 पौंडांच्या वर गेला की त्याला ब्रेक असणं कायद्याने सक्तीचं आहे. ब्रेक असून चालवणारा कोणी नसेल तर काय उपयोग?

कृष्णाकाठची:

प्रसाद, टाइम डिलेवाला घेऊ नका. बाकीच्या तिघांत डावं-उजवं करता येईल, याच्यात नाही.

त्याचं काम कसं चालतं ते सांगते. पेडलवर पाय पडून मागचा लाल दिवा लागला, की तो ठरलेल्या गतीने करंट वाढवत नेतो, तुम्ही आधी लावून ठेवलेल्या आकड्यापर्यंत. तुम्ही सिग्नलला सावकाश थांबताय की समोर हरीण आलं म्हणून पेडल तळापर्यंत दाबलंय, हे त्याला कळायला काही मार्गच नसतो. म्हणून हळू थांबताना ट्रेलर मागून हिसके देतो, आणि जीव खाऊन ब्रेक मारता तेव्हा सुरुवातीला गाडीलाच पुढे ढकलत राहतो. प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये गाडी किती जोरात मंदावतेय हे मोजणारा सेन्सर असतो. गाडी जितक्या जोरात थांबते तितक्या जोरात तो ट्रेलरचे ब्रेक लावतो. सपाट रस्त्याला हलक्या ट्रेलरमागे पहिला प्रकार चालून जातो. तुम्ही हायवे 50 ने जाणार. 7,382 फुटांवरच्या इको समिटवरून मायर्सकडे उतरताना, मागे दोन टन घेऊन, तो नको.

आता तिघांचं. पडदे, ॲप, आकडे सगळं बाजूला ठेवा आणि आधी एवढंच बघा: फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची जी सोय असते, ती तुमच्या हाताला न बघता सापडते का?

मी हे का म्हणते ते सांगते. आम्ही हायवे 580 वरून आल्टमाँटच्या खिंडीतून येत होतो, पवनचक्क्या आहेत तिथे. वारा आडवा. एक अठरा चाकी ट्रक शेजारून पुढे गेला. आधी त्याच्या हवेने आम्हाला बाहेर ढकललं, मग पुढे निघताना आत ओढलं आणि ट्रेलर झोके घ्यायला लागला. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसते, मग दुसरी, मग पुन्हा पहिली, आणि स्टिअरिंग हातातल्या हातात हलकं लागतं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तेच करायचं नसतं. गाडी पुढून मंदावली की ट्रेलर मागून रेटतो आणि झोके वाढतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, झोका मोडायला उलटसुलट फिरवायचं नाही आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावायचे. ट्रेलर मागे ताणला जातो आणि ताणला गेला की सरळ होतो. मी नॉब दाबला आणि तो जागेवर आला. नजर रस्त्यावरच होती. नॉब कुठे आहे हे बोटांना माहीत होतं.

फोररनरमध्ये याच मुद्द्यावर पी-3 थोडा अडचणीचा होतो. स्टिअरिंगच्या खाली, जिथे हा डबा लोक सहसा लावतात, तिथे तुमच्या गाडीत गुडघ्याची एअरबॅग आहे. त्या पॅनेलला कृपा करून भोक पाडू नका. मग जागा उरते ती उजवीकडे कन्सोलच्या कडेला, आणि तिथे तो पायाला लागतो. रेडार्कचा मुख्य डबा डॅशच्या आत कुठेही, कुठल्याही कोनात बांधता येतो, बाहेर दिसतो फक्त नॉब. स्टिअरिंगच्या डावीकडे ज्या रिकाम्या स्विचच्या खाचा आहेत त्यातल्या एकीत तो बसतो. फिरवला की जोर कमी-जास्त, दाबला की ट्रेलरचे ब्रेक. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा नॉबवर. बसवल्यावर पहिले काही ब्रेक तो गाडीची दिशा ओळखण्यात घालवतो, तेवढे ट्रेलर जोडून मोकळ्या रस्त्यावर करून घ्या.

वायरिंगला घाबरू नका. टोयोटाने फोररनरच्या डॅशखाली कंट्रोलरसाठी प्लग देऊन ठेवलेला असतो, त्याला जोडायची तयार वायर मिळते. कंट्रोलरकडच्या वायरी चारच: काळी बॅटरीची, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेकच्या दिव्याची आणि निळी ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. मी आमच्या ड्राइव्हवेत बसवलाय. भावाच्या गाडीला बसवला तोही तिथेच.

बे_एरिया_भटक्या:

एअरबॅगचं मान्य, माझी गाडी पिकअप आहे त्यामुळे तो प्रश्न मला आला नाही. पण ताई, रेडार्कच्या नॉबवर एक दिवा सोडून काही दिसत नाही. नवशिक्याला व्होल्ट दिसणं हा मोठा आधार असतो. ट्रेलर वापरलेला आहे, त्याचे ब्रेक खरंच लागताहेत का हे त्यांना कळणार कसं?

कृष्णाकाठची:

पडद्यावरही ते पूर्ण कळत नाही. पी-3 व्होल्ट दाखवतो म्हणजे कंट्रोलर किती पाठवतोय ते दाखवतो. दोनपैकी एका चाकाची वायर तुटलेली असली तरी आकडा तोच दिसेल. ट्रेलर वापरलेला आहे म्हणूनच प्रसादने हे मोजून घ्यावं.

ड्रमच्या आत एक इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या पृष्ठभागाला चिकटतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, त्या ओढीने एक दांडा सरकतो आणि दांडा शूंना, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांना, बाहेर ढकलतो. 10 इंची ड्रमचा एक मॅग्नेट 12 व्होल्टला साधारण 3 अँपिअर घेतो, म्हणजे तुमच्या दोन चाकांचे मिळून 6. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणा, ट्रेलरच्या पुढच्या बाजूला निळ्या वायरभोवती अडकवा आणि कोणाला तरी जोर पूर्ण वर नेऊन नॉब दाबून धरायला सांगा. 6 च्या आसपास आला तर दोन्ही मॅग्नेट जिवंत. 3 आला तर एक चाक मेलेलं आहे. फारच कमी आला तर आधी अर्थिंगची वायर बघा. जुन्या ट्रेलरमध्ये जोड गंजतात, बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं.

मॅग्नेट चांगले असले तरी एकदा चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. शू झिजून ड्रमपासून लांब गेले असतील तर चाकामागच्या पत्र्यातल्या खाचेतून स्टार व्हील (दातेरी छोटं चाक) फिरवून जवळ आणावे लागतात. शू नवे टाकलेत तर ते ड्रमवर बसवून घ्यावे लागतात. 40 मैलांच्या वेगाला फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावून 20 पर्यंत उतरायचं, पुन्हा वेग घ्यायचा, असं 20 ते 50 वेळा. मध्ये ड्रम थंड होऊ द्यायचे.

फॉल्समकर_प्रसाद:

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. क्लॅम्प मीटर आजच मागवला. बायकोनेही वाचलं. ती म्हणते, फोनच्या पडद्याकडे बघून ब्रेक लावणं नको हे पटलं, पण इको इतके लोक वापरतात तर त्यात काहीतरी असेलच ना?

रेनोचा_मिलिंद:

मी वापरतो इको. माझ्याकडे ओढायला कधी माझी गाडी असते, कधी मेव्हण्याची. काढून त्याच्या गाडीला खोचला की झालं. प्रपोर्शनल आहे, फोन तुटला तरी शेवटच्या सेटिंगवर काम करत राहतो. एका ॲक्सलच्या छोट्या ट्रेलरला मला तो आवडतो. पण झोके घेणाऱ्या ट्रेलरबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. हाताने ब्रेक लावायचा तर पडद्याकडे बघावं लागतं, फोन धारकातून हलला असेल तर आधी तो शोधावा लागतो. गाडी एकच असेल, डॅशखाली प्लग तयार असेल, तर मीही पक्का बसवलेलाच घेईन.

आणखी एक, कोणी बोललं नाही म्हणून. फोररनर 5,000 पौंड ओढते म्हणतात, पण तुमच्या बाबतीत आधी संपणार आहे ती गाडीत भार घ्यायची क्षमता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं स्टिकर आहे, त्यावरचा आकडा बघा. तुम्ही दोघं, आई-बाबा, सामान आणि हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात तिथे, येणारा ट्रेलरचा भार, हे सगळं त्या एका आकड्यात बसायला हवं. ट्रेलरच्या टाकीत पाणी भरून घाट चढू नका. एक गॅलन 8.34 पौंड, 40 गॅलनची टाकी म्हणजे 330 पौंडांच्या वर. पाणी कॅम्पग्राउंडला मिळतं. निघायच्या आधी ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (गाड्यांचा वजनकाटा) असतो, तिथे सगळ्यांना बसवून एकदा वजन करून घ्या.

कृष्णाकाठची:

मिलिंदने लिहिलंय ते खूप महत्त्वाचं आहे. वजनावरच पुढचं सगळं ठरतं.

जोर किती ठेवायचा हे दुसऱ्याचा आकडा विचारून ठरवू नका. ट्रेलर प्रवासाला निघताना भरता तसाच भरा. मोकळा, कोरडा, सपाट डांबरी रस्ता शोधा. 25 मैलांच्या वेगाला पेडलला पाय न लावता नॉब दाबा. गाडी मागून ओढल्यासारखी मंदावायला हवी. कमी वाटलं तर जोर एक घर वाढवून पुन्हा. ट्रेलरची चाकं लॉक होऊन घासायला लागली की त्याच्या किंचित खाली आणा, तो तुमचा आकडा. पावसात रस्ता ओला असेल तर आणखी खाली. ट्रेलर रिकामा करून परत आणताना पुन्हा बघा.

घाटाचं. माझे वडील एसटीत चालक होते, महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावर आंबेनळी घाटात त्यांची कितीतरी वर्षं गेली. ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर, हे ते आम्हा भावंडांना सायकल येत नव्हती तेव्हापासून सांगायचे. ट्रेलरलाही तेच. उतार सुरू व्हायच्या आधी फोररनरचा गिअर लिव्हर एसवर (गिअर आपण ठरवायची जागा) घ्या आणि गिअर खाली आणा, 3, लागला तर 2. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. वेग वाढला की एकदा नीट ब्रेक लावून उतरवा आणि पाय काढा. सतत पेडलवर पाय ठेवून उतरलात तर गाडीचे आणि ट्रेलरचे दोन्ही ब्रेक तापतात आणि गरज असते तेव्हाच नीट लागेनासे होतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असताना वेगाची मर्यादा 55 आहे, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

योसेमिटीला हायवे 120 ने गेलात तर वाटेत प्रीस्ट ग्रेड नावाचा घाट लागतो. मॅप जवळचा म्हणून जुन्या प्रीस्ट ग्रेडवर वळवायला बघेल. तो अंतराला कमी पण भयानक उभा आहे, ट्रेलर घेऊन तिकडे वळायचंच नाही. नवा रस्ता वळणावळणाचा आहे, वेळ लागतो, तोच घ्या.

फॉल्समकर_प्रसाद:

ठरलं, रेडार्क घेतो. डावीकडच्या दोन खाचा मोकळ्या आहेत, आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. डॅशखालचा प्लगही सापडला. एक शेवटचं विचारतो. ट्रेलरच्या पुढे दांड्याजवळ एक छोटी बॅटरी आहे आणि बारीक तारेला लावलेली एक पिन. ही तार मी सेफ्टी चेनमध्येच ओवून ठेवू का?

कृष्णाकाठची:

नाही, चेनमध्ये नको. ती ब्रेकअवेची पिन. ट्रेलर गाडीपासून सुटला तर पिन निघते आणि ती छोटी बॅटरी ट्रेलरचे ब्रेक आपले आपण लावते. तार चेनमधून ओवली आणि चेनच तुटली तर पिन निघणारच नाही. म्हणून ती गाडीच्या हिचवर स्वतंत्र जागी अडकवा. वळताना ताणणार नाही इतकी सैल, जमिनीला लागणार नाही इतकी आखूड.

जुन्या ट्रेलरमध्ये ही बॅटरी बहुधा मेलेली असते. तपासून घ्या, शंका आली तर सरळ नवी टाका. चाचणी करताना आधी सात पिनांचा प्लग गाडीतून काढा, नाहीतर बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये जाऊ शकतो. मग पिन ओढा आणि गाडी अगदी हळू पुढे घ्या. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. अडली की लगेच पिन परत घाला, तशीच ठेवलीत तर बॅटरी उतरते आणि मॅग्नेट तापतात.