साबणाच्या साच्याला नक्षीचं अस्तर: ठाण्यात स्वस्तात काय मिळेल?

चरईची आत्या

मी ठाण्यात चरईत राहते आणि घरी साबण करते. कोल्ड प्रोसेस, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र घोटून. साचा एकच. स्वयंपाकघराचं काम चाललं होतं तेव्हा उरलेल्या प्लायचा सुताराकडून ठोकून घेतलेला. आतून २५ सेंमी लांब, ८ रुंद, ७ उंच. किलोभर तेलाचा घाणा बरोबर बसतो. आत बटरपेपर घालते. साबण चांगला होतो हो, पण दिसतो पनीरच्या लादीसारखा, वर कागदाच्या सुरकुत्या.

सोसायटीतल्या बायकांनी दिवाळीसाठी उटण्याच्या ४० वड्या सांगितल्यात. भेट म्हणून द्यायच्या, म्हणजे जरा नक्षी हवी. ऑनलाइन साबणासाठी म्हणून सिलिकॉनच्या नक्षीदार चटया विकतात त्या बघितल्या. एकेक सातशे-आठशेला, आणि माप माझ्या साच्याचं नाहीच. मी वडी देते ८० रुपयांना. चटईचे पैसे सुटणार कधी?

मग स्वतःची अक्कल चालवली. मिठाईच्या बॉक्समध्ये तळाला चंदेरी, खरबरीत नक्षीचा कागद असतो ना, तो पुसून साच्यात घातला. ओतून दहा मिनिटं झाली नाहीत तोच कडेकडेने बुडबुडे यायला लागले. सकाळी काढला तर तळाला राखाडी चट्टे, कागद अर्धा गायब, आणि साबणाला ढोकळ्यासारखी जाळी. किलोभर तेल पाण्यात. नवरा बघून म्हणाला, "नक्षी तर आली की."

तर मीटरवर कापून मिळेल, कॉस्टिकला टिकेल आणि शंभर-दीडशेच्या आत बसेल असं काय आहे? जांभळी नाका पायाखालचा आहे, पण दुकानदाराकडे नेमकं मागू काय? अनंत चतुर्दशीच्या आत ओतायचंय. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत दीड महिना वाळायला मिळतो.

रबाळे रिटायर्ड

ताई, तो कागद अॅल्युमिनियमचा. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन सुटतो. तुमचे बुडबुडे म्हणजे तोच. हा वायू पेट घेतो, शेजारी गॅस पेटलेला नव्हता हे नशीब समजा. एमआयडीसीत आयुष्य गेलं, तिथे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ती लादी अंगाला लावू नका. कॉस्टिकचा हिशेबही बिघडलाय आणि त्यात धातूही गेलाय. फरशीला वापरा.

अॅल्युमिनियम, जस्ताचा मुलामा, कल्हई, तिन्ही वर्ज्य. स्टील चालेल. प्लास्टिक घेताना उलटं करून त्रिकोणातला आकडा बघा. २, ४ आणि ५ बिनधास्त घ्या. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ते नको, कॉस्टिक आणि उष्णता दोन्ही त्याला सोसत नाहीत. सिलिकॉनला काही होत नाही.

नेरूळ सेक्टर १०

आत्या, दुकानात जाऊन "फ्रिज मॅट" मागा. फ्रिजच्या काचेवर भाजीखाली घालतात त्या. माझ्याकडे पाकळ्यांची नक्षी आहे, वाशीला सहाचा सेट सव्वाशेला घेतला. कात्रीने सहज कापतात, दोन वर्षं त्याच वापरतेय. रंगीत घेऊ नका, पारदर्शक घ्या. आणि या मॅटवर आकडा बहुतेक नसतोच, म्हणून आधी नखाएवढा तुकडा उरलेल्या घोळात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी चिकट झाला, वाकडा झाला किंवा रंग सोडला तर तो माल बाद.

फुकटात हवं असेल तर पार्सलमधलं बबलरॅप. फुगे वर करून तळाला घाला, मधाच्या पोळ्यासारखे खळगे उठतात. उटण्याला शोभेल की नाही ते तुम्ही ठरवा, माझ्या मध-ओट्सच्या साबणाला छान दिसतं.

पण मला खरी अडचण वेगळीच दिसतेय. तुमचा साचा पावाच्या लादीसारखा लांबट. तळाला कितीही सुंदर अस्तर घाला, तुम्ही काप आडवे पाडणार, म्हणजे नक्षी येणार वडीच्या अडीच सेंमीच्या कडेला. तोंड कोरंच! मीही सुरुवातीला हेच केलं आणि मॅटला शिव्या घातल्या. नक्षी तोंडावर हवी तर पसरट ओतायला हवं. ३० बाय २४ चा सपाट तळाचा प्लास्टिकचा ट्रे घ्या, ५ आकड्याचा, आणि अडीच सेंमी जाडीचा थर ओता. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंमीत, त्याला ०.७ ने गुणलं की तेल किती ग्रॅम ते साधारण कळतं. इथे साडेबाराशेच्या आसपास येईल. ८ बाय ६ च्या १५ वड्या पडतील. तीन वेळा ओतलं की ४५, पाच मोडतोडीला.

मॅट तळाला चिकटली पाहिजे, नाहीतर घोळ खाली शिरतो आणि नक्षी वाकडी येते. बोटभर व्हॅसलीन फासा. खोबरेल लावू नका, त्याचा साबण होऊन बसतो, व्हॅसलीनचा होत नाही. घोळ पातळसर असतानाच ओता, कढीएवढा. पिठल्याएवढा घट्ट झाला की बारीक रेषांत उतरत नाही, हवा अडकते. ओतल्यावर ट्रे ओट्यावर दहा-बारा वेळा आपटा.

सगळ्यात जास्त वाट लागते ती काढताना. दुसऱ्या दिवशी हात शिवशिवतात, माहितीये. थांबा. आपल्या हवेत, त्यात राइसब्रानसारखं मऊ तेल जास्त असेल तर तिसरा दिवस उजाडू दे. मग ट्रे तासभर फ्रीजरमध्ये, पालथा करायचा, आणि पानगीवरून केळीचं पान सोडवतो तशी मॅट काढायची. वर उचलायची नाही, कोपऱ्यापासून आडवी मागे दुमडत न्यायची. किलो तेलाला सपाट चमचाभर मीठ आधी पाण्यात विरघळवून मग त्यात कॉस्टिक घातलं तर साबण लवकर कडक होतो.

घोडबंदर रोड

वरच्या ताईंना अनुमोदन. एक भर: विणलेली प्लास्टिकची चटई कापून घालू नका. आकडा ५ होता म्हणून मी घातली. घोळ विणीच्या खालून वळसा घेऊन बसला, चटई निघालीच नाही. शेवटी पक्कडीने एकेक काडी उपसली आणि लादीचा चिवडा झाला. बोट फिरवून बघा, नखाला कुठे खाच लागली तर ती नक्षी साबणाला धरून ठेवणार. नुसते उंचवटे असले पाहिजेत.

डायनिंग टेबलावर घालायचं पारदर्शक कव्हर रोलवर मीटरने मिळतं, उठावाच्या फुलांचं. तेही बघा. मात्र लेससारखं आरपार भोकांचं घेऊ नका.

गावदेवी

पहिल्या आंघोळीत पुसली जाणार त्या नक्षीसाठी एवढा खटाटोप? आमची आजी डाळीच्या पिठाने अंघोळ करायची.

चरईची आत्या

गावदेवी, रांगोळीही संध्याकाळपर्यंत पुसली जाते. तुम्ही काढत नाही का?

नेरूळच्या ताई, तुमचं ते कडेचं वाचलं आणि डोक्याला हात लावला. दोन वर्षं मीच काप पाडतेय आणि हे लक्षात आलं नाही!

चरईची आत्या (बारा दिवसांनी)

काय झालं ते सांगायचं राहिलं होतं, गौरी-गणपतीत वेळ नव्हता.

जांभळी नाक्याला गेले. तिसऱ्या दुकानात फ्रिज मॅट मिळाल्या, पण सगळ्यांवर किवी आणि स्ट्रॉबेरी छापलेली, गुळगुळीत. दुकानदार म्हणे, "ताई, फ्रिजमध्ये घालायचंय ना, उठाव कशाला पाहिजे?" साबणाचं सांगितल्यावर त्यालाच रस आला, आतून टेबल कव्हरचे रोल काढून दिले. मी एकेकावर नख फिरवत होते आणि मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. जाईच्या फुलांसारखी बारीक नक्षी मिळाली. अर्धा मीटर ६० रुपये, पसरट ट्रे ९०. तुकडा रात्रभर बुडवून पाहिला, काही झालं नाही. कॉस्टिकच्या मापासाठी तेलं पुन्हा वजन करून साबणाच्या कॅल्क्युलेटरमध्ये घातली, जुन्या आकड्यांवर विसंबले नाही.

ओतला त्या दिवशी पाऊस, घरात सगळं दमट. उटण्यातली हळद कॉस्टिकला लागली की लाल होते, कुंकू करताना चुन्याने होते तशी. घोळ विटकरी दिसला आणि पोटात गोळा आला, पण दोन दिवसांत रंग उतरून मातकट पिवळा झाला. रबाळेकाकांच्या धाकाने खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी फ्रीजर, मग पानगी. पहिला कोपरा मी घाईने वर ओढलाच, तिथली दोन फुलं मॅटबरोबर गेली. पुढे आडवी दुमडत नेली. पाकळीच्या मधली शीर सुद्धा उठलीय, उटण्याचा बारीक चुरा रेषेत बसून ती गडद दिसते. हे मी ठरवून केलेलं नाही, पण बायकांना सांगताना ठरवून केलंय असंच सांगणार आहे. पंधरापैकी चौदा चांगल्या, एक कोपऱ्याची घरात.

एक चूक: ट्रे टॉवेलमध्ये गुंडाळायला विसरले. मध्ये गरम राहिला, कडा गार पडल्या, त्यामुळे मधल्या तीन वड्यांवर गडद गोल उमटलाय. वापरायला काही फरक नाही ना? आता वड्या जाळीवर, वर पंखा. दमट हवेने थोडे थेंब येतायत.

उरलेले दोन ट्रे येत्या रविवारी, टॉवेलसकट.

नेरूळ सेक्टर १०

काही फरक नाही, वाळल्यावर बराचसा फिका पडेल. थेंब पुसू नका, पुसलं की नक्षी बुजते. वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा आणि चार दिवसांनी पालटा. आणि त्या कव्हरचा उरलेला तुकडा टाकू नका, मला पाहिजे. ठाण्याच्या लोकलने येऊन घेऊन जाते.

चरईची आत्या

या की. कोपऱ्याची वडी पण देते. आणि त्या ढोकळ्याने नवऱ्याने बाल्कनीची फरशी घासली. म्हणाला, जाळीमुळे हातातून सटकत नाही.