टीव्ही दुसरा स्क्रीन म्हणून जोडलाय, पण लाल अक्षरं फिसकटतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन यंदा माझ्या गळ्यात पडलंय. हस्तलिखिताचं स्कॅन आणि टाइप केलेलं पान १५ इंची लॅपटॉपवर शेजारी ठेवलं की दोन्ही मुंगीएवढी दिसतात. म्हणून मधल्या खोलीतला ४३ इंची फोर-के टीव्ही एचडीएमआय केबलने जोडला. आधी दोन्हीकडे एकच चित्र येत होतं. विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ केलं, तेव्हा कुठे वेगवेगळं आलं.

आता रड अशी की विंडो बंद करायची फुली टीव्हीच्या कडेला अर्धी कापली जाते. तेही चालवून घेईन. पण काळा मजकूर ठीक दिसतो आणि माझ्या लाल दुरुस्त्या मात्र ओल्या कागदावरच्या शाईसारख्या पसरतात. आमचे ज्येष्ठ लेखक १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकलेले अनुस्वार अजून इमानाने देतात – नांव, कांही, पांच. त्यांवर मारलेली लाल काट टीव्हीवर गुलाबी डाग होऊन बसते. काय उडवलं नि काय ठेवलं, कळत नाही.

जेल रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, महागातली केबल घ्या. घेऊ का?

प्रतिसाद १
ताई, पैसे वाचवा. केबल खराब असती तर चित्र लुकलुकलं असतं, ठिपके आले असते, नाहीतर गेलंच असतं. नुसता लाल रंग पसरला नसता. टीव्ही सिनेमासाठी बनवलेला, त्यामुळे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, रंगाची मात्र दोन-चार पिक्सेल मिळून एकच. म्हणून काळं नीट, लाल फिसकट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करा. काही टीव्हींत ही सोय एकाच पोर्टवर असते. कापलेल्या कडांसाठी पिक्चर साइजमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधा. शार्पनेसही उतरवा.

प्रतिसाद २
माउस ओढल्यासारखा चालतोय का? लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय १.४ असेल तर फोर-केला ३० हर्ट्झच मिळतात, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्झ करून बघा. वाचायला ४३ इंचांवर तेवढं पुरतं, फक्त नाक लावून बसू नका.

धागाकर्ती
जमलं! ‘पीसी’चा पर्याय पहिल्याच पोर्टवर निघाला. काट आता काटेसारखी दिसते, फुलीही अख्खी आली. ६० हर्ट्झ केल्यावर माउसही सुतासारखा सरळ. आवाज टीव्हीतून येत होता, तो स्पीकरच्या चिन्हावरून परत लॅपटॉपवर घेतला.

पहिल्या पोर्टवर आईचा सेट-टॉप बॉक्स होता, तो दुसऱ्यावर हलवलाय. तिची मालिका साडेसातला लागते. तिला अजून सांगितलेलं नाही.