घरे किती बांधायची, हे गावाने ठरवावे का?

मोजणीदार

प्रारूप विकास आराखड्यावरील हरकती आणि सूचनांच्या सुनावणीला नियोजन कार्यालयाच्या बाजूने बसण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. त्यांतली एक अजून डोक्यातून जात नाही. वर्षानुवर्षे मोकळ्या पडलेल्या एका सरकारी भूखंडावर, भाड्याने द्यायच्या घरांची चार मजली इमारत प्रस्तावित होती. सभागृह भरले होते. भिंतीवर लावलेल्या नकाशापाशी येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचे घर बोटाने शोधत होता आणि मगच त्या भूखंडाकडे वळत होता. एका वृद्ध गृहस्थांनी हिवाळ्यात दुपारी चार वाजता इमारतीची सावली आपल्या अंगणात कुठवर येईल, याची आकृती आलेख कागदावर काढून आणली होती. ती बरोबर होती; मी नंतर मोजून पाहिली. प्रत्येक हरकतीला अनुक्रमांक मिळाला, प्रत्येकाला बोलायला वेळ मिळाला, आणि प्रस्ताव बारगळला. त्या इमारतीत जे राहायला येणार होते, त्यांच्यापैकी मात्र एकही माणूस तिथे नव्हता, कारण आपण तिथे राहायला येणार होतो, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते.

एखाद्या गावाने किती घरांना जागा द्यावी, हा आकडा वरच्या सरकारने ठरवावा. ती घरे कुठे आणि कशी बसवायची, हे नगरपालिकेने ठरवावे, असे माझे मत आहे. नगरपालिकेच्या मतदार यादीत आज राहणारेच असतात. उद्या येणाऱ्याचे मत नसते आणि शेजारच्या गावातून रोज दोन तास प्रवास करून इथे कामाला येणाऱ्याचेही नसते. अशा यादीपुढे उत्तरदायी असलेल्या सभागृहाने नवी घरे नाकारली, तर त्यात नवल नाही.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील माउंट लॉरेल या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपल्याच माणसांसाठी ३६ घरांची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली. पुढे १९७५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की विकसनशील गावाने आपल्या परिसराच्या परवडणाऱ्या घरांच्या गरजेतील न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. निकाल हाती असूनही त्या गावात प्रत्यक्ष घरे उभी राहायला सुमारे पंचवीस वर्षे गेली. अलीकडचा प्रकार तर हास्यास्पद आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून एका घराच्या भूखंडावर अधिक घरांना मुभा देणारा कायदा लागू केला, तेव्हा वुडसाइड या श्रीमंत गावाने आपले संपूर्ण गावच पहाडी सिंहांचा अधिवास असल्याचे जाहीर करून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. राज्याच्या महाधिवक्त्यांचे पत्र आल्यावर ठराव मागे घेतला गेला.

उलट जपानमध्ये भूवापराचे प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरलेले आहेत. १९९२ मध्ये ते १२ झाले, २०१८ पासून १३ आहेत. कोणता प्रकार कुठे लागू करायचा, हे गाव ठरवते, पण ‘इथे फक्त स्वतंत्र बंगलेच’ असा प्रकार त्या यादीतच नाही. सर्वांत कडक निवासी विभागातही छोट्या सदनिकांची इमारत आणि घराला जोडलेले लहान दुकान चालते. मला अभिप्रेत असलेली कामाची वाटणी साधारण अशी आहे.

पागोळी

मी दोन मुदती नगरसेवक होते, त्यामुळे मी त्या सभागृहाच्या दुसऱ्या बाजूने बोलते आहे. सावलीची आकृती तुमच्या लक्षात राहिली, हे चांगले झाले. पण हरकत घेणारा प्रत्येक जण आपल्या अंगणापुरतेच पाहतो, हा तुमचा सूर मला मान्य नाही.

माझ्या प्रभागात वरून आलेल्या धोरणानुसार चटई निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, वाढला. एका गल्लीत जिथे बैठी घरे होती, तिथे चार वर्षांत सदनिका आल्या. खालची सांडपाण्याची वाहिनी जुनीच होती, बैठ्या घरांच्या हिशेबाने टाकलेली. पहिल्याच मोठ्या पावसात गल्लीच्या उताराच्या टोकाला असलेल्या मैलाकुंडीचे झाकण उचलले गेले आणि शेवटच्या तीन घरांत गुडघाभर घाण पाणी शिरले. ती घरे श्रीमंतांची नव्हती; उताराच्या टोकाला ती कधीच नसतात. मी वर पत्र पाठवले, तेव्हा उत्तर आले, की आवश्यक क्षमता स्थानिक संस्थेने स्वनिधीतून निर्माण करावी. आकडा त्यांचा होता, झाकण मात्र आमच्या दारात उघडले.

वरून येणारा आकडा म्हणजे निःपक्षपाती शहाणपण, हेही गृहीत धरू नका. ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्याने केंद्र सरकारने नगरपालिकांना इमारतीच्या उंचीनुसार वाढते अनुदान देऊ केले: जितके मजले अधिक, तितके पैसे अधिक. साहजिकच ज्यांना उंच इमारतींची हौस नव्हती, त्या नगरपालिकांनीही मनोरे उभारले. १९६८ च्या मे महिन्यात लंडनमधील रोनान पॉइंट या २२ मजली मनोऱ्याचा एक कोपरा वायूच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार माणसे दगावली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. दोष भिंतींच्या सांध्यांत होता, अनुदानात नव्हता, हे मी जाणते. पण तो प्रकार इतक्या ठिकाणी, इतक्या घाईने उभा राहिला, तो वरच्या पैशाच्या ओढीने.

आणि गाव स्वतःहून काहीच करत नाही, म्हणता? न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने २०१६ च्या आराखड्यात आपल्या निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर अधिक घरांना परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत बांधकाम परवान्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. त्यानंतर २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून देशाच्या मोठ्या शहरांत एका भूखंडावर तीन मजली तीन घरांची सरसकट मुभा देणारा कायदा केला. दोन वर्षांत त्यांतल्या एका पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि सत्तेवर येताच ही तरतूद ऐच्छिक करण्याचे धोरण स्वीकारले. शहराचा आराखडा टिकला, वरचा आदेश डळमळला.

मोजणीदार

ऑकलंडचे उदाहरण तुम्ही द्याल असे वाटलेच होते, आणि ते अर्धेच दिले आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय कायद्याने तिथल्या आठ परिषदा मोडून एक महानगर परिषद केली, म्हणून असा एकसंध आराखडा होऊ शकला. आराखड्यावरील सुनावणीसाठीचे स्वतंत्र मंडळ मंत्र्यांनी नेमले होते. इतकेच नव्हे, तर २०१६ च्या फेब्रुवारीत घरमालकांच्या विरोधापुढे नमून परिषदेनेच आपले काही वाढीव घनतेचे, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर अधिक घरांचे, प्रस्ताव मागे घेतले होते. मंडळाने त्याची पर्वा न करता घनता वाढवण्याची शिफारस केली आणि अखेर परिषदेने ती बहुतांशी स्वीकारली. ज्याला तुम्ही गावाचा निर्णय म्हणता, त्याच्या पाठीशी वरचा हात होता.

मैलाकुंडीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. अशी पत्रे मी स्वतः मसुद्यात लिहिलेली आहेत, ‘स्वनिधीतून’ हा शब्द वापरूनच.

भाडोत्री

तुम्ही दोघेही ज्यांच्या वतीने भांडता आहात, त्यांच्यापैकी मी एक आहे. आराखड्यातील बदलाची व्यक्तिगत नोटीस मला आजवर एकदाही मिळालेली नाही, कारण ती मिळकतीच्या नोंदीतील नावावर निघते आणि माझे नाव कोणत्याही मिळकतीच्या नोंदीत नाही. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून मी एकदा सुनावणीला गेलोही होतो. ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला होती आणि माझा क्रमांक लागेपर्यंत माझी अर्ध्या दिवसाची रजा संपली.

आकड्याच्या बाबतीत माझी शंका वेगळी आहे. आकडा लादला, की तो भरण्याच्या युक्त्याही निघतात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६९ पासून असा कायदा आहे, की ज्या गावात परवडणारी घरे १० टक्क्यांहून कमी आहेत, तिथे विकासक स्थानिक नियमांना वळसा घालून परवानगी मागू शकतो आणि गावाने ती नाकारल्यास राज्याच्या समितीकडे दाद मागू शकतो. कल्पना चांगली आहे आणि तिने बरीच घरे दिली आहेत. पण भाड्याच्या प्रकल्पात २५ टक्के घरे परवडणारी असली, तर त्या प्रकल्पातील सगळीच्या सगळी घरे गावाच्या खात्यात ‘परवडणारी’ म्हणून मोजली जातात. म्हणजे शंभर घरांच्या इमारतीत माझ्यासारख्याला परवडतील अशी पंचवीस आणि कागदावर शंभर. वरच्या सरकारचे समाधान झाले, गावाचेही झाले. भाडे किती असेल, ते किती वर्षे तेवढेच राहील, हे आकड्याबरोबर लिहिलेले नसेल, तर हा आकडा कोणी ठरवला, याने मला काय फरक पडणार आहे?

टाचण

भाडोत्री यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. अधिकार वर की खाली, हा वाद घालताना तिजोरी कुठे आहे, हा प्रश्न मागे पडतो.

स्थानिक सत्तेने घरबांधणी करून दाखवल्याचे सर्वांत ठळक उदाहरण व्हिएन्ना आहे, पण ती काही सामान्य नगरपालिका नव्हती. १९२२ पासून ती ऑस्ट्रियाच्या संघराज्यातील एक स्वतंत्र राज्य झाली, त्यामुळे तिला स्वतःचे कर लावता आले. १९२३ मध्ये तिने घरबांधणी कर सुरू केला. तो लहान घराला नाममात्र आणि मोठ्या प्रासादाला जबर होता, आणि त्याचा पैसा घरांसाठीच राखलेला होता. १९३४ पर्यंत शहराने साठ हजारांहून अधिक सदनिका बांधल्या. त्यांपैकी कार्ल मार्क्स होफ ही एकच इमारत एक किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यात सुरुवातीला १,३८२ घरे होती. धुलाईघरे, बालवाड्या आणि वाचनालय आतच. जमीन, कर, आराखडा आणि बांधकाम एकाच हातात होते, म्हणून सांडपाण्याची वाहिनी कोणाच्या स्वनिधीतून, हा पत्रव्यवहारच उद्भवला नाही. हे सगळे थांबले, तेही वरूनच. १९३४ च्या फेब्रुवारीत केंद्रीय सत्तेने याच इमारतीवर तोफा डागल्या आणि शहराची स्वायत्तता संपवली. माझ्या मते, गावाला ‘तुम्ही ठरवा’ असे सांगून हाती फक्त परवान्याचा शिक्का ठेवला, तर ते नकार देण्याखेरीज दुसरे काय करणार? शिक्क्याने होकारही देता येतो, पण त्याची किंमत शिक्क्यातून निघत नाही.

पागोळी

टाचण यांचे शेवटचे वाक्य मला सभागृहात म्हणता आले असते, तर बरे झाले असते. एक दुरुस्ती मात्र सुचवते. पैसा मिळाला म्हणजे गाव होकार देते, असे नाही. फ्रान्समध्ये २००० च्या कायद्याने ठरावीक लोकसंख्येवरील गावांत २० टक्के सामाजिक घरे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी अनुदानित भाड्याची घरे, बंधनकारक झाली. २०१३ मध्ये बहुतेक ठिकाणी ते प्रमाण २५ टक्के झाले. जे गाव कमी पडेल, त्याने दरवर्षी दंड भरायचा. पॅरिसला लागून असलेले नोयी हे अतिश्रीमंत गाव हा दंड भरत आले आहे, आणि तिथले सामाजिक घरांचे प्रमाण अजून लक्ष्याच्या आसपासही नाही. हे मी माझ्याच बाजूविरुद्ध सांगते आहे, याची मला कल्पना आहे.

मोजणीदार

न्यू जर्सीत तर हा दंड राजरोस सौदा झाला होता. १९८५ च्या कायद्याने गावांना आपल्या वाट्याच्या निम्म्यापर्यंत घरे पैसे देऊन दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालण्याची सोय दिली होती. साहजिकच श्रीमंत उपनगरांनी पैसे मोजले आणि गरीब शहरांनी, पडक्या घरांची डागडुजी तरी होईल, म्हणून ते घेतले. २००८ मध्ये ही सोय रद्द झाली. त्यामुळे मी दंडावर विसंबणार नाही. फ्रान्सच्या कायद्यात सतत कसूर करणाऱ्या गावाचा बांधकाम परवान्याचा अधिकार शासनाचा प्रतिनिधी आपल्या हाती घेऊ शकतो. उपयोगी कलम मला ते वाटते.

पण पागोळी यांची मैलाकुंडी आणि भाडोत्री यांची पंचवीस घरे यांनंतर माझे मूळ विधान जसेच्या तसे ठेवता येत नाही. नुसता आकडा वरून येऊ नये. त्याच आदेशात वाहिनीचा आणि पाण्याचा निधी असावा, आणि भाड्याची मर्यादा किती वर्षांसाठी, हेही असावे. ‘स्वनिधीतून’ हा शब्द अशा आदेशात येऊ नये, एवढे तरी मी आता मान्य करतो. आकडा ठरवण्याचा अधिकार मात्र मी गावाकडे परत देणार नाही. ते भरलेले सभागृह मी विसरलेलो नाही.

भाडोत्री

आणि सुनावणी संध्याकाळी सातनंतर ठेवावी.

पागोळी

सुनावणीची वेळ तर नगरपालिकेच्याच हातात असते आणि माझ्या दोन मुदतींत मी ती बदलण्याचा प्रस्ताव कधी मांडला नाही. हे मला आज सुचते आहे.

मोजणीदार, तुमच्या सुधारित आदेशाला माझी अर्धी संमती समजा. निधीचे आश्वासन मी सोळा परिपत्रकांत वाचले असेल. ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द तुमच्या ‘स्वनिधीतून’चा सख्खा भाऊ आहे. वाहिनी टाकून तिची चाचणी झाल्याशिवाय वरच्या मजल्याला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला येण्याची परवानगी, देता येणार नाही, असे कलम त्या आदेशात असेल आणि ते शासनालाही बांधील असेल, तर मी माझ्या प्रभागात त्या आकड्याची बाजू घेऊन उभी राहीन. आकड्याला तारीख असते, तशी वाहिनीलाही असावी. तोवर उताराच्या टोकाची ती तीन घरे हरकत घ्यायला आली, तर त्यांच्या अर्जावर मीच सही करीन.